गळती आणि गलती

परवाच्या रविवारी ठाण्यात पाचपाखाडीतल्या, मी जिचं दप्तर सांभाळते अशा एका सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा होती. इमारतीखालच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर समोशांचे पुडे, आणि बाहेर धो धो पाऊस. मी नेहमीसारखा सगळ्यांना सांगून फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. सभा दोन तास दहा मिनिटं चालली. त्यातला पाऊण तास ३०२च्या बाथरूममधून २०२च्या छताला लागलेल्या गळतीने खाल्ला.

घरी येऊन रेकॉर्डिंग एआयच्या हवाली केलं. जेवून उठेपर्यंत इतिवृत्ताचा मसुदा तयार. ठरावांना क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळं जागच्या जागी. भाषा माझ्यापेक्षा बरी. आणि विषय क्रमांक ५ खाली हे वाक्य: '३०२च्या सभासदांनी आपली चूक मान्य केली.'

त्या गृहस्थांनी चूक मान्य केली असती तर सभा दीड तासात संपली नसती का? ते म्हणाले होते, "गळती आहे हे मान्य, पण ती माझ्या घरातून नाही." आमच्या सभा निम्म्या मराठीत, निम्म्या हिंदीत. मशीनला 'गळती'चं 'गलती' ऐकू आलं, पुढचं त्याने स्वतःच जुळवलं. हे तसंच छापून गेलं असतं तर २०२वाल्यांनी इतिवृत्ताची प्रत फ्रेम करून लावली असती, आणि मी दोन्ही मजल्यांवर तोंड दाखवू शकले नसते.

हा किस्सा सांगायचं कारण, हल्ली दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही एकट्या एवढं कसं करता? एआयच करतं ना सगळं?"

मी ठाण्यात हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब आणि दप्तर सांभाळते. बिलं, पावत्या, सभासदांची 'आय' आणि 'जे' नमुन्याची रजिस्टरं, सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं, ऑडिटरसमोर फाइल मांडणं. २०१८पर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा आमच्याच सोसायटीचे खजिनदार काका म्हणाले, "आपलं दप्तर बघतेस का?" एकाची दोन, दोनाची सहा झाली. ऑफिस नाही, माणूस ठेवलेला नाही. डायनिंग टेबल, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि एक प्रिंटर, जो पावसाळ्यात कागद अडकवतो.

२०२३च्या उन्हाळ्यात भाच्याने चॅटजीपीटी दाखवलं. पहिली नोटीस चॅटजीपीटीने लिहिली तेव्हा मला खरंच गहिवरून आलं होतं. 'आपणांस कळविण्यात येते की' या चार शब्दांनी माझी किती वर्षं खाल्ली होती! हळूहळू उमगलं, की पत्रं लिहिणं हा त्याचा लहानसा उपयोग. खरा उपयोग बँक स्टेटमेंटचा. पूर्वी चेकच्या मागे फ्लॅट नंबर असायचा. आता यूपीआयने पैसे येतात ते बंगळुरूच्या मुलाच्या, नाहीतर सुनेच्या नाहीतर भाडेकरूच्या खात्यावरून, आणि शेऱ्यात काय, तर 'पेमेंट'. २८ फ्लॅटच्या सोसायटीत हे पैसे कुणाचे, हे शोधण्यात महिन्याचे दोन दिवस जायचे. मी एआयकडून एक्सेलचा एक मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून घेतला. एकदा ओळख पटलेला खातेदार तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या महिन्यापासून आपोआप फ्लॅटपुढे टाकतो. आता पाच-सहा नोंदी उरतात, त्या फोनवर सुटतात. स्टेटमेंट मात्र मी कुठेही चढवत नाही. खोटी नावं, खोटे आकडे घालून नमुना तयार केला आणि त्यावर मॅक्रो लिहून घेतला, खरा डेटा माझ्याच कॉम्प्युटरवर राहतो. लोकांची थकबाकी ही घरातली गोष्ट असते.

व्याजाचं सूत्रही त्याच्याकडूनच घेतलं. तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या छापील नियमांप्रमाणे, थकबाकीवर व्याज सरळ, आणि वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के होतं. पहिल्या सूत्रात त्याने गुपचूप चक्रवाढ लावलं होतं. दोन फ्लॅटचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करून पाहिला म्हणून सापडलं.

तर, वेळ वाचू लागला. आणि वाचलेल्या वेळाचं मी काय केलं? आणखी सोसायट्या घेतल्या. २०२४च्या जूनपर्यंत एकोणीस झाल्या. वर्तकनगर, कोपरी, थेट कासारवडवलीपर्यंत. दरही उतरवले, कारण एका खजिनदारांनी तोंडावरच विचारलं होतं, "मशीनच लिहितंय तर चार हजार कशाचे?" मला उत्तर सुचलं नाही. मी पाचशे कमी केले.

त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्यांचा गळा एकाच वेळी आवळला जातो. एकोणीस अहवाल, एकोणीस नोटिसा, नोटिशीला पूर्ण चौदा दिवसांची मुदत, वर आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. त्या गर्दीत नौपाड्यातल्या एका जुन्या, तीन मजली इमारतीच्या कमिटीने सांगितलं की मालक स्वतः राहत नाहीत अशा फ्लॅटना बिनभोगवटा शुल्काची पत्रं पाठवा. माझ्या यादीत एक रकाना होता, 'सभासद राहतात: हो/नाही'. तो रकाना आणि चार ओळींची सूचना एआयला दिली. सात पत्रं आली. मी वरचं एक वाचलं, बाकीची छापली, सेक्रेटरींची सही घेतली आणि वाटली.

तिसऱ्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन. त्या डोंबिवलीला मुलाकडे असतात, नौपाड्याच्या घरात लेक आणि जावई. "येऊन जा," एवढंच म्हणाल्या. गेले. पत्र टीपॉयवर होतं, लाल पेनाने तपासलेलं. 'आपण सदनिकेत पोटभाडेकरू ठेवल्याचे निदर्शनास आले आहे' या ओळीतला 'पोटभाडेकरू' अधोरेखित, आणि बाजूला समासात लिहिलेलं: माझी लेक?

नियम मला तोंडपाठ होता, तीच तर लाज. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घरात आई-वडील, भावंडं, मुलगा, लग्न झालेली मुलगी असं कुणी राहत असेल तर घेताच येत नाही. २००१ पासूनचा शासनाचा आदेश आहे. मी तो एआयला सांगितला नव्हता, आणि त्याने विचारलं नाही. रक्कम होती महिना एकशे ऐंशी रुपये.

"वाचलंस तू हे?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

त्यांनी पुढे काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितला. चहाबरोबर चकल्याही आल्या. त्या खाताना घशाखाली उतरत नव्हत्या.

त्या महिन्यात आणखीही दोन गफलती झाल्या, त्या लिहीत बसत नाही. अनंत चतुर्दशीनंतर मी तापाने चार दिवस झोपले आणि कागद घेऊन एक हिशोब मांडला, जो धंदा सुरू करतानाच मांडायला हवा होता. एका एजीएमचं बाड साधारण चाळीस पानांचं: नोटीस, अहवाल, ताळेबंद, थकबाकीची यादी, मागचं इतिवृत्त. ते तयार व्हायला पूर्वी चार दिवस लागायचे, आता एक. पण ते नीट, एकेक आकडा धरून, दोनदा वाचायला पूर्वी एक दिवस लागायचा आणि आजही एकच लागतो. लिहिण्याला मोटर लागली, डोळ्यांना लागली नाही. माझ्या धंद्याचं माप मी लिहिण्यावरून काढत होते, ते वाचण्यावरून काढायला हवं होतं.

दुसरं माप रविवारचं. सभा रविवारीच होतात. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रविवार नऊ, त्यातले दोन गणपतीत. उरले सात. सकाळ-संध्याकाळ धरून चौदा सभा, त्याही कोरम नसल्याने एकही पुढे ढकलली नाही तर. मी एकोणीस घेऊन बसले होते. एकट्या माणसाचा धंदा बारा महिन्यांच्या सरासरीवर मापला तर सप्टेंबरमध्ये तोंडावर आपटतो.

दिवाळीनंतर सगळ्यांना नवे दर कळवले. पाच सोसायट्या आपणहून गेल्या, तीन मीच दुसऱ्याकडे सोपवल्या. कासारवडवली सुटली याचा आनंद वेगळाच, घोडबंदर रोडवर रिक्षात घालवलेले ते तास कुठल्या खात्यात टाकायचे हे टॅलीलाही माहीत नव्हतं. आता अकरा आहेत, सरासरी ५,२०० रुपये महिना. एकोणीस असताना सरासरी चार हजार पडायचे, म्हणजे शहात्तर हजार. आता सत्तावन्न. फरक खूप आहे, आणि पहिले सहा महिने नवरा रोज रात्री गप्प राहून ते जाणवून देत होता. टॅली, एआयचं महिन्याचं शुल्क, कागद, शाई, रिक्षा मिळून सहा हजारांच्या आसपास जातात. उरतं त्यात आमचं भागतं. सप्टेंबरमध्ये झोप मिळते.

कामाची पद्धतही बदलली. आता मसुदा मागायच्या आधी मी एआयला सांगते, 'लिहू नकोस. हे पत्र चुकीचं ठरू शकेल अशा शक्यता मला विचार.' बिनभोगवटा शुल्काच्या वेळी त्याने पहिलाच प्रश्न विचारला, की राहणाऱ्या व्यक्तीचं सभासदाशी नातं काय? विचारलं की येतं त्याला. उपविधींचे क्रमांक मात्र अजूनही छातीठोकपणे चुकीचे देतं, म्हणून छापील पुस्तक टेबलावरून हलत नाही. आणि पत्र कागदावर काढून, लाल पेन हातात घेऊनच वाचते. ते पेन बाईंकडूनच उचललं.

'चार हजार कशाचे' विचारणारे खजिनदार अजून माझ्याकडेच आहेत, ५,५०० देतात. पाचपाखाडीच्या त्याच सोसायटीचे. सोमवारी त्यांना दोन कागद पाठवले, मशीनचं इतिवृत्त आणि माझं, विषय क्रमांक ५ला खूण करून. त्यांचा फोन आला. बराच वेळ हसत होते. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "ताई, ते पहिलं डिलीट केलंत ना?"

केलं. आता २०२च्या वहिनी प्लंबर कधी येणार म्हणून मलाच मेसेज करताहेत. ते काम माझं नाही हे त्यांना तिसऱ्यांदा सांगायचंय.