वादळात पडलेला आंबा वाडीतच जिरवला, माझा अनुभव

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या बाजूने गेलं त्यात पोफळी तर आडव्या झाल्याच, पण घरामागचा जुना रायवळ आंबा मुळासकट कलून गोठ्यावर टेकला. तोडण्याशिवाय इलाज नव्हता. तोडला, आणि मग एवढ्या लाकडाचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. वखारवाला जळणाच्याच भावाने मागत होता, कारण त्या वर्षी गावोगाव झाडंच झाडं पडलेली. शेजारचे काका म्हणाले फांद्या मला दे, पुढच्या वर्षी राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला होतील. मला मात्र ते झाड वाडीबाहेर जाऊच द्यायचं नव्हतं. आमची जमीन जांभ्याची, पावसात पाणीच पाणी आणि संक्रांत झाली की कोरडीठाक, अशा जमिनीत कुजणारं लाकूड म्हणजे पाण्याची टाकीच, म्हणून ते वाडीतच पुरायचं ठरवलं.

बुंध्याचा सरळ भाग तेवढा कापून फळ्या काढून आणल्या. आंब्याची फळी बाहेर पावसात टिकत नाही, म्हणून वाफ्यांच्या कडेला न लावता पडवीत मध्ये पट्ट्या घालून रचून सुकवल्या आणि रोपांच्या शेडमध्ये मांडण्या केल्या. बाकीचे ओंडके पावसाळाभर बाहेरच पडून राहिले, ते बरंच झालं, भिजून बुरशी धरली होती. काहींची साल कोयत्याने उचकटली तर आत भिरूडाने (खोड पोखरणाऱ्या किडीने) पोखरलेले बोगदे आणि बोटाएवढी जाड पांढरी अळी, तसले ओंडके पहिल्यांदा पुरले म्हणजे बाकीच्या कलमांना त्रास नको.

आता पुरण्याचं. ऑस्ट्रियातल्या सेप होल्झर यांनी लाकडावर माती चढवून उंच ढीग करायची पद्धत जगभर नेली, ह्यूगलकल्चर म्हणतात. पण तो थंड डोंगराळ मुलूख, तिथे उंच ढीग लवकर तापतो हा फायदाच. कोकणात उंच ढीग केला तर जुलैच्या पावसात माती धुपून जाणार आणि एप्रिलच्या वाऱ्याने उरलेलं सुकणार, म्हणून मी चर खणले, उताराला आडवे, पाण्याच्या नळीने लेव्हल बघून, साधारण दोन फूट खोल. पाऊस संपता संपता माती ओली असतानाच खणायचं, नंतर पहार पण आत शिरत नाही. घराच्या जोत्यापासून लांब, कारण वाळवी येणारच.

तळाला जाड ओंडके, वर फांद्या, आणि मधल्या फटी नीट भरायच्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते. नुसतं लाकूड पुरलं तर ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशी मातीतला नत्र ओढून घेतात आणि वरची रोपं पिवळी पडतात. म्हणून फटीत शेण, पातेरा (वाळका पाला), गिरिपुष्पाचा हिरवा पाला दाबून भरला आणि वरून जीवामृत ओतलं (२०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती). भुसा आणि बारीक ढलप्या मात्र मातीत मिसळल्या नाहीत, कलमांच्या आळ्यात नुसत्या वर पसरल्या, वर असल्या की नत्राला फारसा धक्का लागत नाही.

पहिल्या हंगामात वाल आणि चवळी, दुसरं काही नाही, कारण शेंगवर्गीय पिकं आपला नत्र आपण मिळवतात. पुढच्या पावसात चरांवर अळंबी उगवल्या (ओळखीच्या नव्हत्या, खाल्ल्या नाहीत) आणि माती चांगली खाली बसली, तिथे परत माती आणि शेणखत घातलं. मग सुरण आणि हळद लावली. आता मार्चमध्ये त्या चरात हात घातला तर लाकडाचा तुकडा स्पंजसारखा दबतो आणि बोटं ओली होतात, बाजूच्या वाफ्यात तेव्हा भेगा पडलेल्या असतात. पाणी देणं खूपच कमी झालंय.

काकांनीही यंदा बांधालगत एक चर भरलाय. त्यांच्याकडे पडलेला फणस पण आहे, तो मात्र पुरू नका म्हटलं, फणसाचं लाकूड टिकाऊ, वाळवीलाही सहज दाद देत नाही, त्याच्या फळ्याच काढा आणि फक्त फांद्या चरात टाका.