नक्की तारीख कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला येतोच: "मॅडम, अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात उतरली कधी? एक तारीख द्या ना."

वहीपुरती मी ८ मार्च १९६५ देते. त्या दिवशी दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे साधारण साडेतीन हजार मरीन सैनिक उतरले. शस्त्रं परजून आले, तर समोर व्हिएतनामी मुली हार घेऊन उभ्या! ब्रिगेडियर जनरल कार्च यांचा फोटो मी मुद्दाम दाखवते. गळ्यात फुलांचा हार आणि चेहरा मानपानात काहीतरी कमी पडलेल्या व्याह्यासारखा. वर्ग हसतो. मग मी विचारते, हे आले कशाला?

लढायला नाही, विमानतळाची राखण करायला. राखण कशाला? तिथून कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामवर बॉम्बहल्ले सुरू झाले होते. बॉम्बहल्ले कशाला? अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं दक्षिणेतलं सरकार काही केल्या उभं राहत नव्हतं. ते पडलं तर पडलं, अमेरिकेचं काय जात होतं? जात होतं, कारण १९६३ अखेर तिचे सोळा हजार 'सल्लागार' तिथे होते. आणि त्याही आधी, १९५४ मध्ये उत्तरेतल्या दियेन बियेन फूला तिथले जुने राज्यकर्ते फ्रेंच कम्युनिस्टांकडून हरले, त्या लढाईचा बहुतेक खर्च अमेरिकेच्याच खिशातून गेला होता. एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे पटापट पडतील, ही तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची भीती त्याच वर्षीची. (त्याच वर्षीच्या जिनिव्हा कराराने व्हिएतनामचे उत्तर-दक्षिण भाग पाडले; त्यानंतरच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे परीक्षेला विचारतात. लिहून ठेवा.)

उत्तर व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखाताचं तर विचारूच नका. ४ ऑगस्ट १९६४ ला तिथे अमेरिकी जहाजांवर जो हल्ला झाला म्हणून सांगितलं, तो झालाच नव्हता. त्यावरून अध्यक्ष जॉन्सन यांना युद्धाची मोकळीक देणारा ठराव मात्र सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला.

सावध करणारं कुणी नव्हतं असंही नाही. अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्यातल्या जॉर्ज बॉल यांनी त्याच ऑक्टोबरात लिहून दिलं होतं की एकदा वाघावर बसलं की उतरायची जागा आपल्या हातात राहत नाही. पण पाय खोलात गेला होता, आणि प्रत्येक नवं पाऊल आधीचं पाऊल वाया जाऊ नये म्हणून पडत होतं.

म्हणून मला ८ मार्चपेक्षा एप्रिलचा पहिला आठवडा महत्त्वाचा वाटतो. मरीन येऊन महिनाही झाला नव्हता. राखणीला आलेल्यांना आता बाहेर पडून लढायची परवानगी मिळाली, आणि याचा गवगवा होऊ नये अशीही ताकीद होती. एवढं करून १ जुलैच्या रात्री शत्रू त्याच दा नांग विमानतळात शिरला आणि विमानं उडवून गेला.

वर्षअखेर अमेरिकी सैनिक होते १ लाख ८४ हजार.