लेहमध्ये आठ दिवस, खारदुंगला न जाता

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चहा अर्धा तसाच ठेवला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. लग्नाला सात वर्षं झाली, ह्यांनी चहा टाकलेला मी कधी बघितला नाही. काय होतंय विचारलं तर म्हणे, "काही नही, झोप नही व्हयनी नीट." आणि बूट घालायला बसले, कारण त्या दिवशी लेह पॅलेसला पायी चढायचं ठरलेलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गाडीने खारदुंगला, म्हणजे लेहच्या वरच्या उंच खिंडीत.

आम्ही साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. मे संपत आलेला, धुळ्याला ४३ डिग्री, नांगरलेलं शेत तापत पडलेलं, पेरणीला अजून वेळ, शेतकऱ्याच्या घरी वर्षात मोकळे दिवस मिळतात ते हेच. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं, दोन सॅक भरल्या, माझ्या सॅकमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वरच ठेवली, चाळीसगावहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून सकाळचं विमान. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारनंतर दरीत वारा सुटतो म्हणून.

विमान दीड तासात पोचवतं आणि तिथेच सगळी अडचण आहे. धुळं साधारण २५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. श्रीनगर-कारगिल करत रस्त्याने गेलं की शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस तरी मिळतात, विमानाने गेलं की काहीच मिळत नाही. हवेत ऑक्सिजन तिकडेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाला आपल्याकडच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी मिळतो. म्हणून पहिले ४८ तास नुसता आराम करा असं सगळे सांगतात. आम्ही पहिल्या दिवशी तीन तास झोपलो आणि संध्याकाळी मेन बाजार पालथा घातला, सुकवलेले जर्दाळू घेतले, फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या बायांशी मी गप्पा मारत बसले. मला काहीच होत नव्हतं. त्यामुळे मी धरून चालले की ह्यांनाही काही होणार नाही, हा माणूस एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर कांदा भरतो, माझ्यापेक्षा दुप्पट ताकद आहे.

ताकदीचा उंचीवरच्या ह्या त्रासाशी काही संबंध नसतो. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तगडा माणूस आडवा होतो आणि बारीक बाई फिरत राहते, कोणाला त्रास होईल ते आधी सांगता येत नाही.

पॅलेसच्या चढावर अर्ध्यातच हे भिंतीला धरून उभे राहिले आणि उलटी झाली. मग कबूल केलं की डोकं रात्री आठपासून ठणकत होतं. रात्री आठपासून! आणि सांगितलं का नाही, तर तू एवढी खुश होतीस. मला तिथे रडूच आलं. माझ्या आनंदासाठी माणूस स्वतःचं दुखणं दाबून चढत होता आणि मी पुढे पुढे फोटो काढत होते.

सरकारी दवाखान्यात गेलो. बोटाला मशीन लावलं तर रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के, म्हणजे बराच कमी. दोन तास नळी लावली, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, आणि स्पष्ट सांगितलं की डोकं दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत इथून एक मीटरही वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता खाली उतरायचं, कारण खरा इलाज उतरणं हाच. खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे. हे त्या अवस्थेत, काही न सांगता, तिसऱ्या दिवशी तिकडे गाडीत बसले असते, हा विचार आला की अजूनही मला घाम फुटतो.

तर गाडी कॅन्सल, पँगाँग सरोवर पण कॅन्सल, आणि आम्ही आठही दिवस लेहमध्येच राहिलो. चांग्स्पाच्या गल्लीत एका म्हाताऱ्या आजींच्या घरात खोली होती, सगळे त्यांना आबी-ले म्हणायचे, आबी म्हणजे आजी आणि ले म्हणजे आपलं जी. ह्यांचा प्रीपेड नंबर लडाखमध्ये चालतच नाही, माझा पोस्टपेड चालत होता, तेवढ्यावर रोज रात्री मुलीशी बोलणं व्हायचं. आबी-ले सकाळी खंबीर रोटी द्यायच्या, जाड आणि भाजकी, तिच्यासोबत आमची शेंगदाण्याची चटणी त्यांना इतकी आवडली की मी अख्खा डबाच त्यांना देऊन टाकला. त्यांनी भाजलेल्या जवाचं पीठ दिलं, चव अगदी आपल्या सातूच्या पिठासारखी.

चौथ्या दिवशी ह्यांना बरं वाटायला लागलं आणि आम्ही घरामागे जवाच्या शेतात नुसतं बसलो होतो, तर एक माणूस फावडं घेऊन आला, पाटाच्या तोंडावरचे दगड आणि चिंध्या काढल्या, पाणी ह्या शेताकडे वळवलं आणि दुसरं तोंड मातीने बुजवलं. हे ताडकन उठले. म्हणाले, "अवं, हाऊ तं पाटकरी शे!"

आणि खरंच तसंच होतं. तिकडे त्याला चुरपोन म्हणतात, गावाने नेमलेला पाणी वाटणारा माणूस, कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी जाईल ते तो ठरवतो. आमच्या पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे, नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायचा अधिकार पाटकऱ्याचा. ह्यांचे आजोबा पाटकरी होते. लेहला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्याकडे एका रात्रीत पडतो तेवढा, सगळी शेती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर, आणि तरी माणसांनी पाणी वाटायची रीत आमच्यासारखीच काढली. तो माणूस मोडक्या हिंदीत, हे त्याच्याहून मोडक्या हिंदीत, दोन तास चाललं होतं. त्यानेच सांगितलं की पेरणीच्या वेळी बर्फ वितळलेलं नसतं म्हणून चेवांग नॉर्फेल नावाच्या इंजिनिअरांनी हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी बांध घालून गोठवून ठेवायची युक्ती काढली, त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. हे म्हणाले, म्हणजे बर्फाचा बंधारा.

आणि त्याने काळजीही सांगितली. हॉटेलं वाढली, प्रत्येकाला फ्लशचा संडास पाहिजे, त्यासाठी बोअर मारतात आणि झरे आटतात. आबी-लेंच्या घरी जुन्या पद्धतीचा कोरडा संडास होता, पाणी लागत नाही, माती टाकायची, वर्षाने शेतात खत. मला पहिल्या दिवशी तो नको वाटला होता. त्या दिवसापासून मी तोच वापरला.

सातव्या दिवशी डॉक्टरांना विचारून शांती स्तूपाकडे निघालो, १९९१ साली बांधून झालेला, पायऱ्या पाचशेच्या आसपास. मी ठरवलंच होतं की ह्यांच्या मागे चालायचं, पुढे नाही. पन्नास पायऱ्या झाल्या की थांबायचं, पाणी प्यायचं. अर्ध्याच्या थोडं वर गेलो असू, हे आपणहून थांबले.

"थांब वं. मनं डोकं जड व्हयनं."

लगेच बसलो. खाली चांग्स्पाची शेतं, राखाडी डोंगरांमध्ये हिरवी पट्टी, तिच्यातून पाट चमकत होता. अर्धा तास झाला. हे म्हणाले, आज इथूनच उतरू. मी सॅकमधून जर्दाळू काढले, आणि उतरलो.