डाव्या भुवईतली फट

सोमवार

आज सकाळी लेकीनं मला धारेवर धरलं. तिच्या अकरावीच्या ओळखपत्रासाठी काल माझ्या फोटोच्या दुकानात तिचा फोटो काढला होता. रात्री दुकान बंद केल्यावर तो निवांत साफ केला, आठ प्रती कापल्या आणि तिच्या टेबलावर ठेवल्या. सकाळी त्यातली एक घेऊन ती स्वयंपाकघरात आली. "आई, माझी खूण कुठे गेली?"

सहा वर्षांची असताना पर्वतीच्या पायऱ्या उतरताना चुलतभावाशी शर्यत लावून ती आपटली होती. डाव्या भुवईत तीन टाके. तिथे केस उगवले नाहीत, बारीकशी फट राहिली. ती फट मी भरून टाकली होती. खरं सांगायचं तर भरल्याचं मला आठवतही नव्हतं. पडद्यावर चेहरा आला की हात आपोआप चालतो. आधी पुळ्या, मग डोळ्यांखालचं काळं, मग नाकावरची चकाकी, शेवटी रंग एक पायरी वर. गवार निवडावी तसं.

"पेरिस करून टाकलंस मला," असं म्हणून ती डबा घेऊन निघून गेली.

मला पॅरिस ऐकू आलं. त्या शहराचा आणि भुवईचा काय संबंध, याचा मी दुकानात बसून दिवसभर विचार करत होते. संध्याकाळी उलगडा झाला. पेरिस हा एका कादंबरीतला मुलगा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तिनं ती आणली आहे, स्कॉट वेस्टरफेल्डची 'अग्लीज', २००५ सालची. सिनेमा तिनं आधीच पाहिला होता, २०२४ साली नेटफ्लिक्सवर आला तेव्हा. (पाचेक मिनिटं मीही पाहिला होता. कुरूप म्हणून दाखवलेली मुलं इतकी देखणी की माझ्या दुकानात आली असती तर मला कामच उरलं नसतं.)

पुस्तक उशाशी ठेवलं आहे. बघू.

बुधवार, रात्री

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. हो, अजूनही. त्या वेळात तीन दिवसांत निम्म्याहून जास्त वाचून झालं. इंग्रजी सोपं आहे.

गोष्ट काही शतकांनंतरची. शहरातल्या प्रत्येकाचं सोळाव्या वाढदिवसाला ऑपरेशन होतं. हाडं घासून आकार देतात, कातडी नवी, दात नवे, डोळे मोठे. त्याआधी तुम्ही 'अग्ली', त्यानंतर 'प्रिटी'. अग्लींची वसतिगृहं नदीच्या अलीकडे आणि प्रिटींचं रात्रंदिवस मेजवान्यांत बुडालेलं गाव पलीकडे. टॅली नावाच्या मुलीचा जिवलग मित्र पेरिस तिच्याआधी तीन महिने सोळाचा होऊन पलीकडे जातो. दोघांनी कायमच्या मैत्रीची आण म्हणून तळहातावर एकसारखी खूण करून घेतलेली असते. ती चोरून नदी ओलांडून त्याला भेटायला जाते, तर त्याच्या हातावर काहीच नाही. ऑपरेशनमध्ये खूण गेली. त्याला त्याचं काही वाटतही नाही. तो छान हसतो.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. सोमवारचा टोमणा आत्ता लागला.

मला वाटलं होतं, असल्या गोष्टीत कुणीतरी दुष्ट हुकूमशहा असेल, पोरांना पकडून टेबलावर बांधत असेल. जबरदस्ती करणारी डॉक्टरीणबाई पुढे येते, पण तिचं काम फक्त पळून जाणाऱ्यांपुरतं. बाकीची सगळी पोरं वाढदिवसाचे दिवस मोजत असतात. एकमेकांना नकटी, चिपडी म्हणून चिडवतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही, कारण सगळं तात्पुरतंच आहे ना. आणि शहराचा युक्तिवाद ऐकला तर आपणही मान डोलवू. पूर्वी माणसं कातडीच्या रंगावरून एकमेकांचे जीव घ्यायची, आता सगळे सारखे देखणे, भांडण मिटलं. 'पूर्वीची माणसं' म्हणजे आपण. पुस्तकात आपल्याला 'रस्टी' म्हणतात, गंजकी.

माझ्या दुकानातही कुणी कुणाला धरून आणत नाही. कालच मायलेकी आल्या होत्या, स्थळासाठी फोटो हवा म्हणून. मुलगी हिंजवडीत नोकरी करते, चांगली उंच, सावळी, गालावर ठसठशीत तीळ. आई माझ्या खुर्चीमागे उभी राहून अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा उजळ करा. खोटं नको. पण जरा." मुलगी मोबाइलमध्ये. मी स्लायडर सरकवत गेले आणि ती माउली 'अजून थोडं' म्हणत गेली. त्यात माया सोडून दुसरं काही नव्हतं. शेजारच्या भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर, काळाकुळकुळीत, कमरेवर हात. आठवड्यापूर्वी पालख्या याच रस्त्यावरून गेल्या तेव्हा त्या बाईही टाळ्या वाजवत उभ्या असतील. असो.

बावीस वर्षं मी 'खोटं नको, पण जरा' हेच करते आहे. गंमत म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो असेल तर माऊसला हात लावायची सोय नाही. रिटच केलेला फोटो चालत नाही, २०१६ च्या नोव्हेंबरपासून तर चश्मासुद्धा चालत नाही. म्हणजे एकाच मुलीचे मी एकाच दिवशी दोन फोटो देते. परक्या देशाला खरा चेहरा आणि होणाऱ्या सासरला दुसरा.

पुस्तकात मुलं भिंतीवरच्या पडद्यावर आपला भावी चेहरा बनवून बघतात. डावी बाजू उलटवून उजवीकडे जोडायची, किंवा उजवी डावीकडे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. हे तर फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं, स्वतःवर करून पाहिलं. डावी-डावी मी म्हणजे शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरीणबाई. उजवी-उजवी मी म्हणजे माझा धाकटा भाऊ, कुंकू लावलेला. सुंदर दोन्हीही नाहीत. लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती, त्यामुळे अबोला तरी सुटला.

मग तिला एक गोष्ट सांगितली, अप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून ऐकलेली. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रजानं १८७८ च्या सुमारास एकाच काचेवर एकामागून एक गुन्हेगारांचे चेहरे छापून पाहिले. गुन्हेगाराचा चेहरा कसा असतो ते त्यातून उमटेल, अशी त्याची कल्पना. उमटला तो मूळच्या प्रत्येकापेक्षा बरा दिसणारा माणूस. ज्याच्या त्याच्या खुणा एकमेकांत विरून गेल्या. हाच गाल्टन निवडक माणसांचीच पैदास करावी असं शास्त्र मांडायला निघाला, 'युजेनिक्स' हा शब्दही त्याचाच, १८८३ सालचा. लेक म्हणाली, "म्हणजे प्रिटी कमिटीचा पणजोबा." (पुस्तकात सुंदर कशाला म्हणायचं ते ठरवणारी समिती.)

झोपण्याआधी 'स्थळ' नावाचं फोल्डर उघडलं. छोट्या चौकोनांत सगळे फोटो एकदम दिसतात तसे. मला वाटलं होतं ओळखीच्या मुली दिसतील. एकच मुलगी दिसली, वेगवेगळ्या साड्या नेसलेली.

शुक्रवार

पुस्तक संपलं. शेवट अर्धवट सोडला आहे, पुढचे भाग घ्यायला लावायची युक्ती.

मधला मोठा उलगडा इथे लिहून ठेवते. ऑपरेशनमध्ये मेंदूलाही इजा करतात. माणसं सुंदर होतात आणि त्याचबरोबर सौम्य, समाधानी, न भांडणारी. लेकीला हा भाग सगळ्यात भारी वाटला. मला तिथे लेखकानं सोपी वाट धरली असं वाटलं. मेंदूला हात न लावताही माणसं गप्प बसतात, हे तिला अजून माहीत नाही. गालावरच्या तिळाची ती मुलगी महिन्याला माझ्या चारपट कमवत असेल. माझ्या खुर्चीशेजारी ती एक शब्द बोलली नाही.

मला आवडलं ते वेगळंच प्रकरण. शहरातून पळालेली माणसं रानात वस्ती करतात, तिथल्या झोपडीवजा लायब्ररीत गंजक्यांची मासिकं जपलेली असतात. टॅली ती चाळते आणि चक्रावते. इतक्या तऱ्हांची तोंडं. जाडी, बारकी, वाकड्या नाकांची. तिनं एवढे निरनिराळे चेहरे कधी पाहिलेलेच नसतात.

ते वाचताना माळ्यावरच्या अप्पांच्या पेट्या आठवल्या.

रविवार

पाऊस लागून राहिला आहे. दोघींनी मिळून माळ्यावरून तीन पेट्या खाली काढल्या. हाफ प्लेटच्या निगेटिव्ह, बटर पेपरच्या पाकिटांत, पाकिटावर अप्पांच्या अक्षरात नाव आणि तारीख. १९७१ च्या गठ्ठ्यात आत्याचं पाकीट निघालं.

निगेटिव्ह तिरकी धरून खिडकीच्या उजेडात लेकीला दाखवली. दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारख्या रेघा. शेकड्यांनी. तिला वाटलं खराब झाली. तिला समजावलं. खड्डा म्हणजे सावली, निगेटिव्हमध्ये सावली पातळ येते, तिथे पेन्सिलीनं भर घातली की कागदावर ती जागा उजळ उमटते. अप्पा पॉलिश पेपरवर पेन्सिलीचं टोक सुईसारखं करत आणि उतरत्या डेस्कवर, खालच्या आरशातून येणाऱ्या उजेडात, भिंग लावून तासन् तास बसत. माझा फोटोशॉपमधला हीलिंग ब्रश चार सेकंदांत करतो ते.

आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडभर व्रण आहेत. आम्हाला त्यांची इतकी सवय की आत्याचा गाल म्हणजे तसाच असतो असं वाटायचं. लेकीला देवी म्हणजे काय हेच आधी सांगावं लागलं. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. गोरं करणारं ते प्रसिद्ध क्रीमही बाजारात आलं ते १९७५ सालीच. २०२० मध्ये त्यानं नावातलं 'फेअर' तेवढं काढलं. एका रोगातून सुटलो आणि लगेच दुसरा रोग तयार.

आत्याला फोन लावला. पंचाहत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत.

"तो फोटो होय! त्या फोटोनं माझा पोपट केला होता," ती म्हणाली. "पाहायला आले नगरचे लोक. मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या आईनं हातातला फोटो बघितला, मला बघितलं, आणि आईला म्हणाली, ही थोरली वाटतं, आता धाकटीला बोलवा."

"मग?"

"मग काय, धाकटी कुठून आणायची? पोहे खाऊन गेले."

"अप्पा काय म्हणाले?"

ती जरा थांबली. "दादा दोन दिवस डेस्कवर बसलाच नाही. त्यानं रात्री जागून केला होता गं तो फोटो. मला म्हणाला होता, बघ कशी दिसतेस."

हे अप्पांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी पहिल्यांदा माऊस धरला तेव्हा मागे उभे राहून एवढंच म्हणाले होते, "हात आवर." मला वाटलं, जुन्या माणसाला कॉम्प्युटर आवडत नाही.

लेकीनं विचारलं, पेन्सिल पुसता येते का? येते. कापसाला टर्पेंटाइन लावून हलक्या हातानं फिरवलं की पेन्सिल धरावी म्हणून आधी लावलेल्या मीडियमसकट निघून येते, खालचं चित्र तसंच राहतं. बाटली काढली, कापूस काढला, आणि माझा हात पुढे जाईना. ते ठिपके म्हणजे अप्पांची रात्र होती. आत्याच्या गालावरचं काहीही पुसायचं तर आधी अप्पांना पुसावं लागणार.

"अगं आई, आधी स्कॅन करून ठेव ना, मग पूस," लेक म्हणाली. बावीस वर्षं धंदा माझा आणि अक्कल तिची.

स्कॅन केलं, पुसलं, परत स्कॅन केलं, उलटं करून घेतलं. पडद्यावर दोन आत्या शेजारी शेजारी आल्या. एक दगडी पुतळ्यासारखी गुळगुळीत. दुसरी एकवीस वर्षांची, गालभर देवीचे वण, ओठ हसू दाबलेले, कॅमेऱ्यामागे भाऊ काहीतरी वेडंवाकडं बोलला असणार. हसू पहिलीतही तेच होतं, पण तिथे ते दिसत नव्हतं.

लेकीनं विचारण्याआधीच तिच्या फोटोची मूळ फाइल उघडली आणि आठ प्रती पुन्हा काढल्या. भुवईतली फट आहे तशी. नाकावरची पुळी मात्र मी घालवली. तिनं पाहिलं, काही बोलली नाही, आठही प्रती दप्तरात टाकल्या.

उद्या गालावरच्या तिळाची मुलगी फोटो न्यायला येईल. दोन प्रिंट काढून ठेवल्या आहेत. तिची आई बरोबर असली तर कुठली आधी पुढे करायची ते अजून ठरत नाही.

आत्याला दोन्ही फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच. काय वाटलं असेल तिला, उगाच पुसलं का, असं माझं चाललेलं. साडेनऊला उत्तर आलं.

"साडी शेजारच्या मामींची होती. परत द्यायची राहिली ती राहिलीच."