तुम्ही विचारलंत म्हणून: दोर बदलायचाय, मग ब्रेकची चौकशी कशाला?

"विंचची वायर काढून सिंथेटिक दोर टाकायचाय, ड्रमला काही करावं लागेल का?" थार, जिप्सी, गुरखा चिखलात घालणारी मंडळी हे हटकून विचारतात. (विंच म्हणजे दोर ड्रमवर, म्हणजे गोल रिळावर, गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र.) पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "ड्रम थोडा मोठा करून घेतला तर विंच जलद ओढेल ना?" ओढेल. पण दोन्ही प्रश्नांचं खरं उत्तर ड्रमच्या पोटात आहे, कारण बहुतेक बुटक्या इलेक्ट्रिक विंचमध्ये ब्रेक तिथेच बसवलेला असतो. ड्रमला हात लावला की ब्रेकलाही लावलाच, हे आधी डोक्यात पक्कं असू द्या.

रचना साधी आहे. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला प्लॅनेटरी गिअरबॉक्स, मध्ये ड्रम. मोटरचं फिरणं ड्रमच्या पोकळीतून जाणाऱ्या षट्‌कोनी शाफ्टने पलीकडे गिअरपर्यंत पोचतं आणि ब्रेक या शाफ्टवर असतो, म्हणजे गिअरच्या अलीकडे. गिअर २६५:१ असेल, म्हणजे मोटरच्या २६५ फेऱ्यांना ड्रमचा एक, तर ड्रमवरच्या पिळाचा (टॉर्कचा) ढोबळमानाने २६५वा हिस्साच ब्रेकच्या वाट्याला येतो. म्हणून मुठीएवढा ब्रेक दोन टनांची गाडी उतारावर धरून ठेवू शकतो.

ओढताना ब्रेक मोकळा असतो. बटण सोडलं की भार शाफ्टला उलटा फिरवायला बघतो आणि त्याच उलट्या जोराने ब्रेक आवळला जातो. गॅरेजमधल्या चेन ब्लॉकमध्येही भारच ब्रेक आवळतो, फक्त तिथे टिकटिक ऐकू येते. खरी कसोटी भार *सोडताना* लागते. मोटर ब्रेक सैल करते, भार तो पुन्हा आवळतो, आणि या रस्सीखेचीत लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, सतत घासत राहतं. उष्णता इथे तयार होते, ओढताना नाही.

किती, याचा ढोबळ हिशोब बघा. दोन टनांची गाडी ३० अंशांच्या घसरणीवरून १५ मीटर खाली सोडायची आहे. दोरावर साधारण १००० किलोचा ताण. १००० किलो गुणिले १५ मीटर म्हणजे जवळजवळ १४७ किलोज्यूल, आणि ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. ड्रम पोलादी, सहा किलोचा धरला तर तापमान सुमारे ५० अंशांनी चढतं. पावसाळ्यात हवा २८ अंशांवर असली तरी ड्रम ७८ वर गेला. थोडी उष्णता शाफ्ट आणि हवा ओढून घेतात, पण मोटरचा जोर वरून भर घालतोच.

वायरला याने काही होत नाही. सिंथेटिक दोर, म्हणजे डायनिमा वगैरे, १४४ ते १५२ अंशांच्या दरम्यान वितळतो, पण सततच्या वापरासाठी त्याची मर्यादा ७० अंशांच्या आसपासच धरतात. वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद उतरू लागते आणि बाहेरून काही दिसत नाही. ड्रमला चिकटलेला सर्वात आतला थर आधी शेकतो, आणि तो थर उलगडून कोणी बघत नाही.

मग दोर नकोच का? हवा. ९.५ मिमीची वायर साडेसहा टनांच्या आसपास तुटते, तर चांगला १० मिमी दोर नऊ टनांच्या पुढे जातो, वजन किरकोळ, आणि तुटला तरी वायरसारखा झाडून काढत नाही. फक्त त्याच्या अटी पाळाव्या लागतात. पहिल्या थरावर उष्णतारोधक बाही चढवा. सोडण्याचं काम १५ मीटरच्या एका दमात करू नका. थर्मामीटर गन ड्रमच्या कडेवर रोखून बघा, ६५ अंश दिसले की थांबा. भार असताना ड्रमला हात लावून अंदाज घेणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. वारंवार खाली सोडायचंच काम असेल, तर ब्रेक ड्रमबाहेर असलेली विंच घ्या. वॉर्नची १९७४ सालची उभी ८२७४ याचसाठी अजून टिकून आहे: तिचा ब्रेक गिअरच्या पेटीत आहे, त्यामुळे ड्रम थंड राहतो.

ड्रमवर दोर बसवण्यात घाई होते, तिथे थोडं रेंगाळतो. वायरने ड्रमच्या कडांना आणि अंगाला ओरखडे पाडलेले असतात. १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने ते घासा, सुती कापड फिरवून बघा, धागा अडकला तर काम बाकी आहे. वायर दाबून धरणारा स्क्रू दोराला चिरतो. दोराच्या टोकाला लग (छिद्राची धातूची टोपी) असेल तर तो बोल्टने बसवा आणि बोल्टचं डोकं पहिल्या थराच्या वर येणार नाही हे पाहा. हा बोल्ट भार धरण्यासाठी नसतोच. भार धरतात ते ड्रमवरचे वेढे: वायरला पाच पुरतात, दोर गुळगुळीत म्हणून आठ ते दहा कायम शिल्लक ठेवा. पहिला थर निदान सव्वादोनशे किलोच्या ताणाखाली गुंडाळा, हलक्या चढावर गाडीला स्वतःलाच ओढू देऊन. सैल गुंडाळला तर वरचा थर खालच्यात रुततो आणि नेमका अडचणीच्या वेळी निघत नाही. रोलर फेअरलीडच्या (दोर ज्यातून आत येतो त्या रोलरच्या चौकटीच्या) जागी ॲल्युमिनियमचा हॉझ (रोलर नसलेलं गुळगुळीत तोंड) घाला, निदान वायरने खरवडलेले रोलर तरी ठेवू नका. टोकाचा डोळा (फासा) विणताना दोराची शेपूट व्यासाच्या ७२ पट आत जायला हवी, १० मिमीला ७२० मिमी. अर्ध्या फुटावर भागवलेला डोळा सरकतो.

आता ड्रम मोठा करण्याचं. ६४ मिमी व्यासाचा ड्रम आणि १० मिमी दोर धरा. पहिल्या थरावर ४३०० किलोची विंच दुसऱ्यावर साधारण ३५००, तिसऱ्यावर २९०० आणि चौथ्यावर अडीच हजार किलोच ओढते. पाटीवरचा आकडा पहिल्या थराचा असतो, हे विकणारा सहसा सांगत नाही. ड्रमवर धातूची बाही चढवून तो ८९ मिमी केलात तर पहिल्या थरावरच ओढ ३२०० वर येते. वेग वाढतो, पण तेवढ्याच भाराला ब्रेकवरचा पीळ १.३४ पट होतो. कोणी त्याच भरात २६५:१ चे गिअर काढून १५९:१ चे घातले, तर आणखी १.६७ पट. दोन्ही मिळून सव्वादोन पट. भार ब्रेक आवळतो हे खरं, पण लायनरचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. धरेल, पण लवकर झिजेल, आणि सोडताना तीच उष्णता थोड्या वेळात तयार होईल. स्पर्धेत दोन-दोन मोटरी लावणारे ब्रेकही वेगळा करून घेतात. जुलैमध्ये गोव्याच्या चिखलात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत वेगाला मोल असतं. शनिवार-रविवारी मावळात जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

आमचं मत विचाराल तर ड्रम जसा आहे तसा ठेवा आणि दोर आखूड करा. २२५ मिमी लांबीच्या ड्रमवर एका थरात २२ वेढे बसतात. पहिल्या थरात ५ मीटर, दुसऱ्यात सव्वासहा, तिसऱ्यात साडेसात. म्हणजे १८-१९ मीटर दोर तीन थरांत मावतो आणि कमकुवत चौथा थर टळतो. उरलेला तुकडा दोन्हीकडे डोळे विणून पिशवीत ठेवा. जोर कमी पडला तर पुली ब्लॉक लावून दोर दुहेरी करा, ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि ब्रेकवरचा भार निम्मा.

ड्रमवर वेल्डिंग मात्र चुकूनही नको. कडा वाढवायला किंवा मध्ये दुभाजक बसवायला रिंग वेल्ड केली की ड्रम जरासा अंडाकृती होतो. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतल्या भिंतीवरच दाबतो. मग तो ड्रमच्या एका बाजूला धरतो, अर्धा फेरा पुढे गेला की सरकतो, आणि दोष मोटरला दिला जातो. दुभाजक हवाच असेल तर दोन तुकड्यांचा, बोल्टने आवळायचा करून घ्या.

दिशेची चूकही फार होते. हा ब्रेक एकाच दिशेने धरतो. दोर ड्रमच्या खालून यायला हवा असताना वरून गुंडाळला, किंवा सोडता सोडता दोर संपला आणि बटण तसंच दाबून धरल्यामुळे तो उलटा गुंडाळला गेला, तर विंच ओढताना दिसेल पण धरणार नाही. बटणावरचं 'आत' आणि 'बाहेर' उलटं वाटू लागलं की तिथेच थांबा.

पावसाळ्यानंतर विंच उघडणारे गिअरबरोबर शाफ्टलाही मनसोक्त ग्रीस फासतात. ते ब्रेकपर्यंत पोचलं की लायनर चकचकीत होऊन घसरतं. ग्रीस फक्त गिअर आणि बुशला. ब्रेक रॉकेलने किंवा डिझेलने धुवू नका, तेलकट थर राहतो. ब्रेक क्लीनर वापरा. भाग काढताना फोटो घ्या, कारण ब्रेक आवळणाऱ्या कॅमचे दोन अर्धे उलटे बसतात आणि बसल्यावर बाहेरून कळत नाहीत.

जोडून झालं की मोकळ्या, हलक्या चढावर झाडाला पट्टा बांधून गाडी पाच मीटर ओढा. दोरावर जड चादर टाका आणि दोराच्या रेषेत कोणाला उभं राहू देऊ नका. बटण सोडा, गाडीचा गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पाय गाडीच्या ब्रेकच्या वर तयार असू द्या. सोबतच्या माणसाने बाजूला उभं राहून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ड्रमच्या कडेवर आधीच ओढलेली खडूची रेघ बघावी. सुरुवातीला दोन-चार सेंटिमीटर सरकून ती थांबायला हवी. पाच मिनिटांत आणखी हलली, तर विंच परत उघडायची.