भूपातला गंधार

आमच्या लग्नाला कारण ठरली ती एक पेटी. १९९७ च्या हिवाळ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, निमित्ताने आमच्या गावी नाटक आले होते. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावांमध्ये धानाची कापणी आटोपली की दिवसा पट आणि रात्री नाटक, हा क्रम ठरलेला असतो. वडशाच्या नाटकमंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत अशा गावोगावी फिरत असतात. मी तेव्हा नागपुरातून प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पूर्ण करून नुकतीच घरी आले होते. दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालले. मंचावर नायक नायिकेसाठी प्राण द्यायला निघाला होता, आणि मी मात्र मंचापुढच्या खोलगट जागेत कानाला मफलर गुंडाळून पेटी वाजवणाऱ्या माणसाकडे पाहत होते. नायिकेचा आवाज थंडीने अर्ध्या स्वराने उतरला की तो डोळे न उघडता तिच्या मागोमाग खाली यायचा आणि तिला हळूच पुन्हा वर घेऊन जायचा. ती चूक झाकण्याची त्याची रीत मला इतकी आवडली की पुढच्या वर्षी मी त्याच माणसाशी लग्न केले. जात वेगळी होती, त्यामुळे माझ्या वडिलांनी सहा महिने बोलणे टाकले. नंतर तेही निवळले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, प्रेम, रक्त आणि स्वर या तीन गोष्टींच्या संगतीत माझे आयुष्य गेले आहे आणि त्यांच्याविषयी माझी काही ठाम मते आहेत. आमच्या भागात लग्न जमवताना पत्रिका पाहतात, शेती पाहतात, मुलाची नोकरी पाहतात, आणि प्रेमविवाह असेल तर तेवढेही पाहत नाहीत. रक्त मात्र कोणीच पाहत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे हे ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून मी रोज पाहत आले आहे. तो एका जातीचा किंवा एका जमातीचा आजार नाही. गोंड, माडिया, परधान यांच्यात तो आहे, दलित वस्त्यांत आहे, आणि कुणबी, तेली यांच्या घरांतही आहे.

आमच्या घरातही तो होता, आणि मला तो लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळला. सिकलसेलच्या तपासणीचे प्रशिक्षण घेऊन परत आले तेव्हा हात बसावा म्हणून मी पहिली सुई यांच्याच बोटाला टोचली. चाचणी साधी आहे. नळीत दोन मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचे, हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. मग काळ्या रेघा काढलेला पांढरा कागद नळीच्या मागे धरायचा. रक्तात दोष नसेल तर द्रावण पारदर्शक राहते आणि रेघा स्पष्ट दिसतात, दोष असेल तर द्रावण गढूळ होते आणि रेघा नाहीशा होतात. यांच्या नळीमागच्या रेघा दिसेनात. मी कागद खिडकीकडे धरला, दिव्याकडे धरला, पुन्हा एकदा रक्त घेतले. रेघा दिसल्या नाहीत. जिल्हा रुग्णालयातून इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले हे माझे मला माहीत. अहवालात दोन पट्टे होते, एक निर्दोष ए आणि एक सिकलचा एस, म्हणजे हे रुग्ण नव्हते, दोषाची एकच प्रत असलेले वाहक होते. माझे रक्त निर्दोष निघाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते, पण रुग्ण मात्र एकही होत नाही. आमची मुलगी वाहक आहे.

नेमका दोष काय आहे, असे यांनी त्या संध्याकाळी विचारले तेव्हा मी पुस्तकातले वाक्य सांगितले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, आणि त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकी साखळी जशीच्या तशी असते. लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले, आणि पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी साखळीतला नेमका बदल शोधून काढला. हे ऐकून यांनी पेटी ओढली, भाता सोडला आणि काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पहिली काळी सा धरून, भूप राग वाजवायला घेतला. सा, रे, ग, प, ध. त्या पट्टीत भूपाचे चार स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात आणि एकटा गंधार पांढरीवर. यांनी बाकीची बोटे होती तिथेच ठेवली आणि गंधाराचे बोट शेजारच्या पांढरीवर, एक पट्टी खाली सरकवले. भूप संपला आणि शिवरंजनी सुरू झाली. संध्याकाळचे प्रसन्न अंगण एकाएकी विरहाने भरून गेले. पाचांतला एक स्वर, तोही अर्ध्याच अंतराने उतरलेला. “असंच ना?” यांनी विचारले. मी इतकी वर्षे आरोग्य शिबिरांत सिकलसेल समजावून सांगते आहे, पण त्याहून नेमके मला आजवर सांगता आलेले नाही. आता गावात कार्यक्रम असला की मी यांना पेटीसह सोबत नेते.

त्या उतरलेल्या स्वराचे पुढे काय होते, तेही सांगायला हवे. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे तंतू बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. आमच्याकडे ज्या इळ्याने धान कापतात, अगदी तसा तिचा आकार होतो. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा ते वीस दिवस. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या ठिकाणी जो ठणका उठतो त्याला आमच्याकडे अजूनही वात म्हणतात. “बाई, पोराले वात लागला जी, तेल चोळून चोळून हात दुखले,” असे म्हणत आलेल्या कितीतरी आया मला आठवतात. आणि तरीही हा दोष पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला, कारण दोषाची एकच प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलाच्या आणि डासांच्या प्रदेशात ज्या गोष्टीने पणजोबांना वाचवले तीच पणतवाला छळते. म्हणून वाहक माणसाकडे बोट दाखवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तो राग येण्याचे आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका मुलीचे लग्न साखरपुडा झाल्यावर मोडले. एका ठिकाणी तिची फक्त नळीची चाचणी झाली होती. ही चाचणी रक्तात एस आहे एवढेच सांगते, माणूस वाहक आहे की रुग्ण हे ती सांगू शकत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागतेच. तिथल्या माणसाने तेवढ्यावरच “मुलीला सिकलसेल आहे” असे मुलाकडच्यांना तोंडी सांगून टाकले. पुढचा अहवाल आला तेव्हा मुलगी वाहक निघाली. मुलाचे रक्त तर कोणी पाहिलेच नव्हते. ते निर्दोष असते तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. मुलगी माझ्याकडे अहवाल घेऊन आली आणि तो समजावून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, “मग त्यांना कोणी सांगेल का?” मी स्वतः त्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले, पण सोयरीक परत जुळली नाही. तपासणी लग्नाआधी, शक्यतो मन गुंतण्याआधी व्हावी, असे मी आग्रहाने म्हणते ते माणसे जोडण्यासाठी. अर्धवट माहितीने माणसे तोडणार असाल तर मला माझ्या नळ्या फोडून टाकाव्याशा वाटतात.

रुग्णाने लग्नच करू नये, असे समजणारेही पुष्कळ आहेत. यांच्या मंडळीत ढोलकी वाजवणारा एक तरुण सिकलसेलचा रुग्ण होता. थंडी, उपाशीपोटी जागरण आणि पाणी कमी पिणे हे तिन्ही या आजारात माणसाचे वैरी, आणि नाटकवाल्यांच्या हंगामात हे तिन्ही रोजचेच. एकदा पहाटे नाटक संपता संपता त्याला असा ठणका उठला की मंडळीच्या गाडीतून त्याला थेट आमच्या रुग्णालयात आणावे लागले. सलाईन, वेदनाशामक, गरम पांघरुणे, सगळे सुरू झाले. डॉक्टर दर काही तासांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते, कारण या आजारात छातीत गुंतागुंत झाली तर जीव धोक्यात येतो. तो मात्र पडल्या पडल्या खाटेच्या लोखंडी कडेवर बोटांनी ठेका धरून होता. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. कळ वाढली की तिसऱ्या मात्रेवर बोटे थांबायची. रात्रपाळीच्या सिस्टरला हे लवकरच उमगले आणि ठेका थांबला की त्याने हाक मारण्याआधीच ती त्याच्यापाशी पोहोचायची. दुसऱ्या रात्री हे पेटी घेऊन आले आणि वॉर्डातल्या सगळ्यांची परवानगी घेऊन अगदी हळू वाजवत बसले. संगीताने वाकलेली पेशी सरळ होत नाही, हे मी स्पष्टच सांगते. औषधाऐवजी भजन म्हणा असे सांगणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले आहे. पण दुखणे सोसणाऱ्या माणसाला संगीताने आधार मिळतो, हेही विज्ञानानेच तपासून पाहिले आहे. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकवलेल्या रुग्णांना वेदना आणि चिंता कमी जाणवली, असे त्यात दिसून आले.

त्या ढोलकीवाल्याने पुढे प्रेमाने लग्न केले. मुलीचे रक्त आधी तपासले, ते निर्दोष होते, म्हणजे त्यांची सगळी मुले वाहक होणार, रुग्ण एकही नाही. त्याला दोन मुले आहेत. तो या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतो, नाटकाला जाताना पाण्याची पाच लिटरची कॅन सोबत नेतो आणि त्याची बायको त्याच्या अंगावर दोन स्वेटर चढवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाही. नाटकातला नायक नायिकेसाठी प्राण देतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. पण प्रेम म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ते दोन स्वेटर येतात.

डॉक्टरांच्या गळ्यातल्या त्या स्टेथोस्कोपची गोष्ट मला फार प्रिय आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लायनेक यांच्यासमोर हृदयविकाराची एक तरुण रुग्ण होती. तिच्या छातीला थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून ऐकले. हृदयाचे ठोके कानाने ऐकू यायचे त्याहून स्पष्ट ऐकू आले. लायनेक बासरी वाजवत असत आणि लाकूड कातून स्वतः वस्तू घडवत. कागदाच्या गुंडाळीनंतर त्यांनी केलेली लाकडी नळी पाहिली की बासरीच आठवते. छातीवर बोट वाजवून आतला रोग ओळखण्याची पद्धत १७६१ मध्ये मांडणारे व्हिएन्नाचे आउएनब्रुगर हे तर खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि त्यांनी पुढे एका संगीतिकेची संहिताही लिहिली. एका परक्या स्त्रीचा मान राखताना हे उपकरण जन्मले आणि ते घडवणारा हात बासरी वाजवणारा होता, ही गोष्ट मी आमच्या मुलीला लहानपणी झोपवताना सांगत असे.

तीच मुलगी आता नागपुरात नोकरी करते. गेल्या श्रावणात तिचा फोन आला. तिला एक मुलगा आवडला होता, तोही पूर्व विदर्भातलाच, गोंदियाकडचा. बोलता बोलता ती म्हणाली, “आई, मी त्याला दुसऱ्याच भेटीत तपासणीचं विचारलं होतं. रिपोर्ट आज आला. तोपण वाहक आहे.” मी खुर्चीवर बसले. इतकी वर्षे लोकांना जे सांगत आले ते आता स्वतःच्या लेकीला सांगायचे होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि निर्दोष असण्याची २५ टक्के असते. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन बरी निघतील असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण दर वेळी चिठ्ठी पुन्हा त्याच डब्यातून निघते. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यानेही रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांसाठी गर्भाच्या तपासणीला मुभा ठेवली आहे. मी हे सगळे तिला सांगितले. ते तिला ठाऊक होते, तरी तिने शेवटपर्यंत ऐकले. “तू नाही म्हणशील असं वाटलं होतं,” ती म्हणाली. मी नाही म्हटले नाही. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे एकदा जाऊन या, एवढे मागितले, आणि ते दोघे जाऊन आले.

दिवाळीत मुलगा घरी आला. जेवणे झाल्यावर यांनी पेटी काढली आणि मी दोघांचे रिपोर्ट लग्नाच्या याद्यांच्या वहीत, किराणा आणि मंडपाच्या पानांच्या मध्ये ठेवून दिले. फाल्गुनातली तारीख धरली आहे. मंगलाष्टके मुलाचे मामा म्हणणार आहेत. त्यांची पट्टी कोणती, असे यांनी विचारले तेव्हा मुलाने मामांना फोन लावला, दोन ओळी म्हणून घेतल्या, आणि यांनी पेटीवर बोट ठेवून पाहिले. काळी एक.