किलोच्या भावानं सायकल

दुपारी जरा डोळा लागला होता तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा आला. ते रेकॉर्ड केलेलं असतंय बघा, लोखंड, पत्रा, रद्दी, जुना कूलर, सगळं एका दमात. मी उठलो. बायको म्हणाली, आता कामून उठलात? म्हणलं, पाणी प्यायला. आणि चप्पल घालून खाली.

गाड्यावर कूलरच्या पत्र्याखाली एक सायकल उलटी पडलेली. चाकं नाहीत, सीट नाही, पण पुढचा बिल्ला शाबूत, खांद्यावर पृथ्वी घेतलेला तो माणूस. ॲटलस. ह्यांचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला, आणि ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन, पंचांग घेऊन बसलं तरी असा मुहूर्त सापडायचा नाही. लोकं आंबा हुंगून बघतात तसं मी आधी पायडल फिरवून बघतो. फिरलं, कुरकुर नाही. चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात कुणाचं तरी नाव, अर्धं उडालेलं. ११ किलो भरली. गॅलरीत आधीच तीन आहेत, त्यातली एकही पूर्ण नाही, तर ही चौथी.

हा नाद लावला चाचांनी. लातूरला गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याला लागलं की त्यांचं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान. सगळे सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला टाकायचे, शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तरी मी अजून ओव्हरऑइलिंगच म्हणतो, ऑइल तर लागतंच की. १९९४ चा उन्हाळा, मी सातवीची परीक्षा दिलेली, नवी सायकल घ्यायला दादांकडं पैसे नव्हते. चाचा म्हणाले, सामान जमव, बांध के देता मैं.

मग मी दोन महिने भंगार उकरत फिरलो. हँडल एका ठिकाणचं, मडगार्ड दुसरीकडचं, कॅरिअर मामाच्या गोठ्यातलं, त्याला शेण लागलेलं. आणि सगळं बसायचं! हिरोचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरतो तो, ॲटलसला, हर्क्युलसचं चाक कशालाही, कारण मोठ्या सायकलींचा साचाच सगळ्यांचा एक, जुना विलायती, टायर २८ बाय दीड, कुठल्याही गावात मिळणार. आता पोराच्या गिअरच्या सायकलची एक बारकी पट्टी तुटली तर दुकानदार म्हणतो मॉडेल सांगा. असो, ह्यावर मी बोलायला लागलो की घरातले उठून जातात.

चाचा चाक विणायचे ते बघण्यासारखं होतं. मागच्याला ४० तारा, पुढच्याला ३२, मांडीवर हब घेऊन एकेक तार ओवत जायचे, तोंडात विडी, बोलणं बंद. मग आऊट काढायचा. चाक गरकन फिरवायचं, रिमला खडू टेकवायचा, जिथं लागला तिथं तार ढिली नाहीतर घट्ट. माझं काम छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, धुवायचं. जर्मनच्या ताटलीत घासलेट, त्यात पाव इंची छर्रे, मागच्या हबाला एका बाजूला ९. एकदा एक घरंगळत नालीत गेला, आठच टाकून कोन आवळा म्हणलं तर त्यांनी ताटलीच बाजूला ठेवली आणि चहाला निघून गेले. मी तासभर नालीत हात घालून बसलो. नववा सापडला. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. अख्खी दुपार मी सुलट्या बाजूनं जोर लावला, क्रँकचे आटे गेले, दुसरा क्रँक हुडकायला आणखी आठ दिवस.

शेवटी चिमटा तेवढा राहिला होता. दुकानात मागच्या बाजूला पाच-सहा सायकली वर टांगलेल्या होत्या, मातीनं भरलेल्या, एकीचं चाक पार दुमडलेलं, पण तिचा चिमटा सरळ होता, खालूनच दिसायचा. आदल्या सप्टेंबरात किल्लारीकडं काय झालं ते आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही. ढिगारे उपसले तसं तिकडचं लोखंड भंगारात यायला लागलं होतं, ह्या त्यातल्याच. चाचांनी किलोनं विकत घेतल्या होत्या, पैसे मोजून. मी स्टुलावर चढलो तर ओरडले,

"उसको हात नक्को लगा."

"कामून?"

"कोई आयेंगा पूछते."

मी बघितलं तेवढ्या वर्षांत तरी कुणी आलं नाही. त्यांनी पण कधी काढल्या नाहीत, दिवाळीला फडकं मारायचे तेवढंच. मला चिमटा त्यांनी दुसरीकडून आणून दिला, जरा वाकडा होता, सायकल कायम डावीकडं ओढायची, हात सोडून कधी चालवताच आली नाही. नंतर चाचा गेले, दुकान पण गेलं. त्या सायकलींचं काय झालं मी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी चेनकव्हर घासायला पॉलिश पेपर आणला दहा रुपयांचा. नावातली शेवटची तीन अक्षरं वाचता येतात, 'राव' आणि त्याच्या आधी 'ब' नाहीतर 'व'. पेपर गॅलरीत तसाच पडलाय. बायको विचारतीय, हिला ठेवणार कुठं.